नावं कितीही असोत, वही कोणाकडे?

लग्नात नवरीचं नाव बदलायची पद्धत अजून कितीतरी घरांत आहे. ताम्हणात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मग पेढे वाटायचे. माहेरची मंदा त्या दिवसापासून सासरची माधवी होते. वीस-पंचवीस वर्षांनी ती फेसबुकवर खातं उघडते तेव्हा शाळेतल्या मैत्रिणींना आपण सापडावं म्हणून नव्या नावाशेजारी माहेरचं आडनावही घालते. दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकात तिसऱ्याच स्पेलिंगचं. अशा बाईला 'तुमचं खरं नाव लिहा' असं सांगितलं, तर तिने यातलं कोणतं लिहायचं?

'एक माणूस, एक नाव' हा नियम इंटरनेटवर मुळात नव्हताच. तो नंतर आला, आणि कसा आला याचा माग काढता येतो.

सुरुवातीच्या जाळ्यावर आपण कोण हे आपणच सांगायचं आणि समोरच्याने मानायचं अशी रीत होती. जुलै १९९३ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये पीटर स्टायनर यांचं एक व्यंगचित्र आलं. संगणकासमोर बसलेला कुत्रा शेजारच्या कुत्र्याला सांगतो की इंटरनेटवर तू कुत्रा आहेस हे कोणालाच कळत नाही. त्या काळाची गोष्ट निघाली की हे चित्र हमखास पुढे येतं. मला मात्र त्याच सुमाराचं फिनलंडमधलं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं.

योहान हेलसिंगियस नावाच्या माणसाने तिथे एक निनावी टपालघर चालवलं होतं. तुम्ही त्याच्याकडे ईमेल पाठवायचा. त्याचा संगणक तुमचं नाव-पत्ता काढून टाकायचा, 'एएन' ही दोन अक्षरं आणि पुढे एक आकडा एवढंच तुमचं नाव ठेवायचा आणि पत्र पुढे धाडायचा. उत्तर आलं की त्याच वाटेने तुमच्यापर्यंत पोहोचायचं. लहानपणी घरातल्याच माणसाकडून अत्याचार सोसलेले लोक त्या आकड्याआडून पहिल्यांदा बोलले. ज्याला तोंड उघडायचीही चोरी होती त्याला त्या चार-पाच अंकांनी बोलतं केलं, आणि यासाठी हेलसिंगियस यांचे आभार मानावेत असं मला मनापासून वाटतं.

पण उत्तर परत पोहोचवायचं तर कोणता आकडा कोणाचा हे कुठेतरी लिहून ठेवावंच लागतं. ती वही त्यांच्याच संगणकात होती. फेब्रुवारी १९९५ मध्ये चर्च ऑफ सायंटॉलॉजी या अमेरिकी पंथाच्या तक्रारीवरून फिनलंडचे पोलीस त्यांच्याकडे आले. अख्खा संगणक जप्त होऊन सगळीच नावं जाण्यापेक्षा एक नाव द्यावं, असं करून त्यांनी ते दिलं. पुढच्या वर्षी कोर्टाकडून आणखी नाव सांगण्याचा हुकूम झाला, तेव्हा ऑगस्ट १९९६ मध्ये त्यांनी सेवाच बंद केली. तोवर काही लाख लोकांनी ती वापरली होती.

मराठी वाचकाला यात नवं काय वाटणार? केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज, ग्रेस, आरती प्रभू: आपली निम्मी कविता दुसऱ्या नावाने लिहिली गेली. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज आणि विनोदात बाळकराम होते, त्यात कोणाला लबाडी दिसली नाही. पण ती बहुतेक हौसेची नावं. १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला तो विभावरी शिरूरकर या नावाने, आणि ते नाव गरजेचं होतं. शिकलेल्या, वय वाढत चाललेल्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात इतकं उघड लिहिलं होतं की मोठी खळबळ माजली आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. लिहिणाऱ्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, शिक्षणक्षेत्रात नोकरी करत होत्या. त्यांचं नाव वाचकांना ठाऊक नव्हतं, प्रकाशक ह. वि. मोटे यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते सांभाळलं. टोपणनाव टिकतं ते असं: वही ज्याच्या हाती आहे त्याच्या शब्दावर.

मराठी आंतरजालावरही हीच रीत आली. 'मायबोली' १९९६ पासून आहे, आणि तिथे माणूस सदस्यनामाने ओळखला जातो. वर्षानुवर्षं एकाच आयडीने लिहिणाऱ्याची पत त्या आयडीलाच चिकटते. दुसरा आयडी काढून स्वतःच्याच लेखाला वाहवा देणारे, भांडण पेटवणारेही निघाले, आणि त्यांच्यासाठी मराठीने 'डू-आयडी' हा शब्द घडवला. हा त्रास खरा आहे. खऱ्या नावाचा आग्रह धरणाऱ्यांचं बळ त्याच त्रासातून येतं.

तो आग्रह मोठ्या प्रमाणावर रुजवला फेसबुकने. २००४ मध्ये ते हार्वर्डच्या विद्यार्थ्यांपुरतं होतं, कॉलेजच्या ईमेलशिवाय आत जाता येत नसे, त्यामुळे खरं नाव आपसूकच आलं. पुढे त्याचं तत्त्व झालं. दोन ओळखी बाळगणं म्हणजे सचोटीची उणीव, असं मार्क झुकरबर्ग म्हणाल्याचं डेव्हिड कर्कपॅट्रिक यांच्या २०१० च्या पुस्तकात नोंदलेलं आहे. खऱ्या माणसाला दाखवलेल्या जाहिरातीला भाव जास्त मिळतो, हेही त्यामागे होतंच. मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी यांचं खातं २०११ मध्ये फेसबुकने अडवलं आणि पासपोर्टवर पहिलं नाव अहमद आहे म्हणून त्यांना 'अहमद रश्दी' करून टाकलं. बरीच बोंबाबोंब झाल्यावर सलमान परत आलं. त्याच वर्षी आलेल्या गुगल प्लस या गुगलच्या समाजमाध्यमानेही टोपणनावांची खाती बंद केली होती. २०१४ मध्ये गुगलने तो नियम माफी मागून मागे घेतला.

कंपन्यांच्या पुढे जाऊन कायदा केला तो दक्षिण कोरियाने. बदनामी आणि शिवीगाळीने माणसं उद्ध्वस्त होत होती, त्यामुळे हेतू वाईट होता असं म्हणता येत नाही. २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहायचं तर आधी ओळख पटवणं सक्तीचं झालं. २००९ मध्ये रोज एक लाखाहून जास्त लोक येणारी सगळी स्थळं त्यात आली. बातमीखाली एक ओळ लिहायची तरी नागरिक क्रमांक द्यायचा. तो तेरा अंकी: पहिले सहा अंक जन्मतारखेचे, सातव्यावरून स्त्री की पुरुष ते कळायचं. पडद्यावर टोपणनाव दिसलं तरी चालत होतं. त्याच्या मागचा क्रमांक मात्र कंपनीच्या वहीत जात होता. त्याच काळात 'मिनर्व्हा' या नावाने कोणीतरी अर्थव्यवस्थेवर लिहीत होतं. लीमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळणार हे त्याने आधी सांगितलं होतं, आणि हा कोणी बडा वित्ततज्ज्ञ असावा असा लोकांचा समज होता. जानेवारी २००९ मध्ये खोटी माहिती पसरवल्याच्या आरोपाखाली अटक झाली तेव्हा तो स्वतःच अभ्यास केलेला एक बेकार तरुण निघाला. एप्रिलमध्ये तो निर्दोष सुटला.

मग जुलै २०११ मध्ये 'नेट' (Nate) आणि सायवर्ल्ड या तिथल्या स्थळांच्या वह्या चोरीला गेल्या. साडेतीन कोटी लोकांची माहिती, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम पाच कोटी. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारखेपासून बनलेला क्रमांक कसा बदलायचा? २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने एकमताने ती सक्ती रद्द केली. बेकायदा मजकूर त्यामुळे लक्षणीय घटल्याचं दिसत नाही आणि लोक परदेशी संकेतस्थळांकडे गेले, ही कारणं निकालात होती.

त्याच वर्षी नोव्हेंबरात पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकमुळे अटक झाली. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एकीने लिहिलं होतं, दुसरीने ते लाइक केलं होतं. दोघी स्वतःच्या नावाने वावरत होत्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६ अ कलमाखाली हे घडलं ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी मोठ्या समाजमाध्यमांना सांगितलं की ज्याला हवं त्याला ओळख पटवून खूण मिळण्याची सोय द्या. ही गोष्ट ऐच्छिक आहे. मात्र त्याच नियमांत निरोप प्रथम कोणी पाठवला हे शोधून देण्याचीही तरतूद आहे, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं.

आपल्याकडे वेगळ्या वहीची गरजही फारशी उरलेली नाही. बहुतेक भारतीय इंटरनेटवर आले ते मोबाइल नंबर घेऊन, आणि नंबर मिळतो रस्त्याकडेच्या छत्रीखाली, आधार दाखवून, अंगठा टेकवून, फोटो काढून. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम. इन्स्टाग्रामवर नातेवाइकांसाठी एक खातं आणि कवितांसाठी वेगळ्या नावाने दुसरं खातं चालवणारी कॉलेजातली मुलगी घ्या. दोन्हींचा ओटीपी एकाच फोनवर येतो, आणि ते सिम बहुधा वडिलांच्या नावावर असतं. मावशीला, शेजाऱ्यांना, वर्गातल्या मुलांना ती कवयित्री कोण हे माहीत नाही. मोबाइल कंपनीच्या वहीत त्या नंबरापुढे तिचं नावसुद्धा नाही. तिथे वडिलांचं आहे.