विद्युत् अंगे : मंद विद्युत् माशांतील जनुके व उत्क्रांती

स्वतःभोवती क्षीण विद्युत् क्षेत्र निर्माण करून, त्यात पडणाऱ्या फरकांवरून वाट, भक्ष्य व जोडीदार ओळखणाऱ्या माशांना मंद विद्युत् मासे म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील जिम्नोटिफॉर्म आणि आफ्रिकेतील मॉर्मिरिड हे त्यांचे दोन मोठे गट. दोघांचे नाते दूरचे; विद्युत् अंग प्रत्येकाने स्वतंत्रपणे मिळवले. सर्व विद्युत् मासे धरल्यास असे निदान सहा वेळा घडले आहे. डार्विननेही १८५९ मध्ये या अंगांचा उलगडा अवघड असल्याचे नमूद केले होते.

सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयात असे मासे नाहीत. तिथल्या शिंगटी माशाच्या कातडीत मात्र विद्युत्-ग्राही असतात. गढूळ पाण्यातही भक्ष्याच्या शरीरातले क्षीण विद्युत् क्षेत्र तिला जाणवते. वीज सोडणारे अंग तिला नाही. ऐकू येते, बोलता येत नाही, अशी ही अवस्था. शिंगटीचा गण जिम्नोटिफॉर्मांचा जवळचा नातलग असल्याने ही तुलना विशेष मोलाची आहे.

विद्युत् अंगातील पेशी बहुधा स्नायूपेशींपासून बनतात. त्या आकुंचन पावणे सोडतात, पण सोडियम आत घेऊन विद्युत् स्पंद उठवण्याची क्षमता टिकवतात. खरी मेख जनुकांत आहे. ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आजच्या बहुतेक अस्थिमत्स्यांच्या (टेलिऑस्टांच्या) पूर्वजात सगळा जनुकसंच दुप्पट झाला आणि स्नायूंतील सोडियम-मार्गाच्या, म्हणजे पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या दाराच्या, जनुकाच्या दोन प्रती झाल्या : एससीएन४एए व एससीएन४एबी. दुसरी प्रत स्नायू सांभाळत राहिल्याने पहिलीला बदलण्याची मोकळीक मिळाली. पुढे दोन्ही खंडांत तीच प्रत स्नायूतून बाद होऊन विद्युत् अंगात रुजू झाली. २००६ मध्ये जीवशास्त्रज्ञ हॅरल्ड झॅकन व सहकाऱ्यांनी हे दाखवले. २०२२ च्या संशोधनात तिचा स्नायूतला ‘स्विच’ही सापडला : जनुकाच्या आतील डीएनएचा एक छोटा तुकडा. दक्षिण अमेरिकेतील गटात तो निकामी झाला आहे; आफ्रिकेतील गटात तो बदलला असला तरी काम करतो, त्यामुळे तिथे ही प्रत स्नायूतून वेगळ्या रीतीने बाद झाली असावी. रीत वेगळी असली तरी दोन्हीकडे तीच प्रत निवडली जावी, हे योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मोकळी प्रत हाताशी असली की उत्क्रांती पुन्हा त्याच वाटेने जाऊ शकते.

घरच्या काचटाकीत पाळला जाणारा काळा घोस्ट मासा, विद्युत् अंग स्नायूपेशींपासून बनते या नियमाला अपवाद आहे. पोहताना त्याचे शरीर ताठ राहते, हलतो फक्त पोटाखालचा लांब गुदपक्ष. त्यामुळे क्षेत्र विस्कटत नाही. पिल्लांत स्नायूजन्य अंग असते, प्रौढात मात्र चेतातंतूंचेच अंग बनते आणि सेकंदाला सुमारे हजार स्पंद सोडते. त्याच्या कुळात एससीएन४एएची पुन्हा एक प्रत निघाली, आणि ती मज्जारज्जूतील चेतापेशींत काम करते.