हातात गिअर, पायात क्लच आणि मधली स्प्रिंग

जुन्या बुलेटचं मागचं सीट उडवायचं, मडगार्ड कापायचं, गिअरचा लांब दांडा मांडीजवळ उभा करून त्यावर कवटीची मूठ बसवायची आणि क्लचची वायर हॅन्डलवरून काढून डाव्या पायाखालच्या पॅडलला जोडायची. असली गाडी दाखवणारं रील हल्ली दर दोन-चार दिवसांनी समोर येतं. खाली हमखास दावा असतो की गिअर पटापट पडतात, पिकअप वाढतो. पिकअप तसूभरही वाढत नाही. इंजिन तेच, गिअरबॉक्समधल्या चाकांचे दाते तेवढेच. दांडा हाताने हलवला काय नि पायाने, मागच्या चाकाला पोचणारा जोर बदलायचं कारणच नाही. हॅन्डलला लिंबू-मिरची बांधून जेवढा पिकअप वाढतो, तेवढाच याने वाढतो.

तरीही हा खटाटोप मला मनापासून आवडतो. कारण तो करायला घेतला की एका प्रश्नाला तोंड द्यावंच लागतं: चालवणाऱ्याने सगळं सोडून दिलं, तर क्लच आपणहून कुठे जाऊन थांबतो, इंजिन चाकाला जोडून की सोडून?

पायाचा क्लच मुळात हौसेखातर आलेला नव्हता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरलेली हार्ले-डेव्हिडसन डब्ल्यूएलए घ्या. उजव्या मुठीत अ‍ॅक्सिलरेटर, तर डाव्या मूठीने स्पार्कची वेळ मागेपुढे करायची. दोन्ही मुठी अशा गुंतलेल्या, म्हणून क्लच डाव्या पायाकडे गेला आणि तीन गिअरचा दांडा टाकीच्या डाव्या अंगाला. दांडा ज्या खाचेत, तो गिअर. आजच्या मोटरसायकलींत तसं नसतं. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या व्हेलोसेट कंपनीत हॅरल्ड विलिस यांनी गिअरच्या पॅडलमागे रॅचेट, म्हणजे एका वेळी एकच दात पुढे सरकवणारी योजना, बसवली. एका दाबाला एकच गिअर, आणि पॅडल पुन्हा मधोमध. आजच्या गाडीला हातगिअर लावला तरी ही रॅचेट आत तशीच राहते. दांडा पुढे ढकला, गिअर पडला, दांडा परत जागेवर. कितव्या गिअरला आहोत हे दांड्याकडे बघून कळत नाही.

आता क्लच. त्यात घर्षणाच्या प्लेटी आणि पोलादी प्लेटी एकाआड एक रचलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. म्हणजे आपण क्लच 'दाबतो' तेव्हा खरं तर प्लेटींवरचा दाब काढून घेत असतो. सोडला की स्प्रिंगा आपलं काम करतात, इंजिन चाकाला जोडलं जातं. माणसाने काहीच केलं नाही तर क्लच जोडलेला राहणार, हे ठरलेलं.

हातात लिव्हर असते तोवर यात अडचण नाही, कारण दोन्ही पाय मोकळे असतात. वायर पायाकडे नेली की गणित बिघडतं. चढावर सिग्नलला गाडी गिअरमध्ये उभी आहे असं समजा. डावा पाय पॅडलवर अडकलेला, उजवा जमिनीवर टेकलेला. मग मागचा ब्रेक कोणी धरायचा? राहिला पुढचा, तो उजव्या हातात, आणि अ‍ॅक्सिलरेटरही त्याच हातात. त्यात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो आणि रस्त्याचा उतार डाव्या कडेकडे असतो. म्हणजे गाडी कलली तर बहुधा डावीकडे, जिथे टेकवायला पाय नाही. पावसात ओला बूट पॅडलवरून सटकला की स्प्रिंगा क्षणात प्लेटी आवळतात आणि गाडी आडव्या रहदारीत उडी घेते. अशा आपोआप परतणाऱ्या पॅडलला अमेरिकेत 'सुसाइड क्लच' म्हणू लागले, ते उगाच नव्हे.

गंमत म्हणजे डब्ल्यूएलएचा क्लच असा नव्हताच. तिचं पॅडल सी-सॉसारखं दोन्ही बाजूंना झुकणारं होतं. टाच दाबली की क्लच सुटला, चवडा दाबला की जोडला, आणि मधे कुठेही पाय काढला तरी पॅडल तिथल्या तिथे. पॅडल ज्या खिळीवर फिरतं तिच्यावर घर्षणाच्या चकत्या घालून त्या नटाने आवळलेल्या असत. स्प्रिंगांच्या ओढीला हे घर्षण पुरून उरलं पाहिजे, एवढीच अट. सैनिक टाच दाबून क्लच सोडायचा, डावा पाय खाली टेकायचा आणि उजव्या पायाने ब्रेक धरून निवांत उभा राहायचा. हे पॅडल काढून त्याजागी साधं स्प्रिंगचं पॅडल लावणं म्हणजे जुनी गाडी 'ओरिजिनल' करणं नव्हे. तिच्या इंजिनियरांनी सोडवलेलं कोडं पुन्हा उकरून काढणं आहे.

१९५२ साली हार्लेने मोठ्या गाड्यांत हाताचा क्लच आणि पायाचा गिअर देऊ केला, तेव्हा उलटी अडचण आली. पायासाठी घडवलेल्या क्लचच्या स्प्रिंगा बोटांना झेपेनात. त्यावर काढलेला तोडगा मला यंत्रशास्त्रातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतो. वायरीच्या वाटेत एक जादा स्प्रिंग आणि खिळीवर फिरणारा एक आडवा दांडा. चालवणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'माउसट्रॅप'.

ही युक्ती समजून घ्यायला आपल्याच गाडीचं साइड स्टँड पायाने अगदी हळू हलवून बघा. वर असलेलं स्टँड खाली ढकलताना आधी स्प्रिंग विरोध करते. मग एक जागा अशी येते की जोरच लागत नाही. आणि ती ओलांडली की तीच स्प्रिंग स्टँडला स्वतःहून खाली खेचते. स्प्रिंगच्या ताणाचं वळवणारं बळ किती, हे ताण आणि खिळीपासून ताणाच्या रेषेचं लंब अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. रेष बरोबर खिळीवरून जाते तेव्हा लंब अंतर शून्य, म्हणून बळही शून्य. रेष पलीकडे गेली की बळाची दिशा उलटी. माउसट्रॅपमध्ये लिव्हर ओढत जाल तसा मुख्य स्प्रिंगांचा विरोध वाढतो, पण जादा स्प्रिंगचं लंब अंतरही वाढत जातं, म्हणजे मदतही वाढत जाते. मात्र लिव्हर सोडल्यावर शेवटी मुख्य स्प्रिंगाच जिंकल्या पाहिजेत. जुळणी चुकली तर ओढलेली लिव्हर परत येतच नाही.

वायर पायाकडे नेताना बरेच जण आणखी एक गोष्ट विसरतात. समजा वायर ३० किलोच्या जोराने ओढावी लागते. हॅन्डलवरच्या लिव्हरमध्ये खिळीपासून वायर ३ सेंमीवर आणि बोटं १२ सेंमीवर असली, तर बोटांना साडेसात किलो लावावे लागतील, म्हणजे जोरात चारपट लाभ. पायाला १५ किलो म्हणजे काहीच नाही, म्हणून पॅडल आखूड करून चारपट लाभाऐवजी दुप्पट घेतला जातो. पण हाफ क्लचचा सगळा खेळ वायरीच्या जेमतेम ३ मिमीत चालतो असं धरा. बोटांखाली त्याचे १२ मिमी होतात, आखूड पॅडलखाली फक्त ६, आणि तेही बुटाच्या जाड तळव्याखाली. मग गाडी एकतर धक्का खाऊन निघते नाहीतर बंद पडते. पायाची ताकद इथे कामाची नाही; पॅडल लांबच हवं.

हाताचंही तसंच. डावा हात दांड्यावर असताना उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबला, तर पुढे झुकणाऱ्या अंगाचा सगळा भार उजव्या मुठीवर येतो. उजवी मूठ पुढे ढकलली गेली की चाक डावीकडे वळतं आणि गाडी उजवीकडे कलते. आपल्याकडे उजवीकडून समोरची वाहनं येत असतात.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार मालकाला गाडीत मनाजोगे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार नको असा निकाल दिला. दिव्यांग व्यक्तींसाठी गाडीत बदल करायची वाट कायद्यात आहे, पण ती आरटीओमधून जाते. डाव्या हाताने लिव्हर ओढता न येणाऱ्यासाठी पायाचा क्लच ही खरी गरज असू शकते.

अशांना दुसराही पर्याय आहे, आणि त्यात आपला पहिला प्रश्न चक्क उलटा होतो. १९५८च्या होंडा सुपर कबमध्ये क्लचची लिव्हरच नव्हती. तिथे इंजिन हळू फिरतं तेव्हा क्लच सुटलेला असतो. वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि मग तो जोडला जातो. आजच्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्येही सुरुवात अशीच सुटलेल्या क्लचने होते. म्हणून सिग्नलला इंजिन चालू असतानाही ती जागची हलत नाही, आणि हॅन्डलच्या दोन्ही लिव्हरी ब्रेकसाठी मोकळ्या राहतात.