सूक्ष्म पाठाचा व्हिडिओ आणि वर्गातल्या तासाचा व्हिडिओ

बी.एड. झालेल्या शिक्षकाला ‘स्वतःचा तास रेकॉर्ड करून बघा’ असं सुचवलं की हमखास उत्तर येतं, ‘ते सूक्ष्म अध्यापनात झालंय की!’ सूक्ष्म अध्यापन म्हणजे बी.एड.मधला काही मिनिटांच्या छोट्या पाठाचा सराव. दोन्हीकडे आपणच आपल्याला पडद्यावर बघतो, म्हणून ही गल्लत होते.

सूक्ष्म अध्यापन १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अ‍ॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकाराला आणलं. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचं, मग ते प्रश्न विचारणं असो वा फलकलेखन. आपल्याकडे रुळलेलं चक्र ३६ मिनिटांचं: ६ मिनिटं पाठ, ६ प्रत्याभरण (म्हणजे पाठावरचा अभिप्राय), १२ फेरनियोजन, पुन्हा ६ पाठ आणि ६ प्रत्याभरण. समोर बहुधा सहाध्यायीच ‘विद्यार्थी’ होऊन बसलेले. इथला व्हिडिओ शिक्षकाचा असतो: आवाज, हालचाल, फळ्यावरचं अक्षर. नवशिक्यासाठी तो उत्तमच.

वर्गातल्या तासाचा व्हिडिओ मात्र मुलांचा हवा. मोबाइल मागच्या भिंतीला लावला तर आपला चेहरा आणि मुलांच्या पाठी दिसतात. तो फळ्याजवळ, मुलांकडे तोंड करून ठेवावा. समजा, पाचवीच्या वर्गात विचारलं, ‘एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती?’ एक मुलगी म्हणते, ‘दोन पंचमांश.’ बाई ‘नाही, तू सांग’ म्हणून पुढच्या मुलाकडे वळतात. तास सुरू असताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. व्हिडिओत मात्र स्पष्ट ऐकू येतं, की तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय. तिची चूक नेमकी कुठे आहे ते तिच्या उत्तरातच होतं, आणि ते हातचं गेलं.

शांततेचंही तसंच. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात, आणि तीनेक सेकंद थांबलं तर मुलांची उत्तरं लांब नि विचारपूर्वक होतात, हे अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिलं. सहाध्यायी पटकन उत्तर देऊन मोकळे होतात, त्यामुळे ही घाई सूक्ष्म पाठात सहसा उघडी पडत नाही.

मुख्याध्यापक आणि पालकांची परवानगी आधी घ्यावी, आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप गटावर अजिबात टाकू नये. पूर्ण तास बघायचीही गरज नाही. दहा मिनिटं निवडा, प्रत्येक प्रश्नानंतर किती थांबलात आणि उत्तर कोणी दिलं ते लिहून काढा. त्यातून जी उणीव दिसेल, तेवढ्याच एका गोष्टीचा सराव करायला सहा मिनिटांचा सूक्ष्म पाठ पुन्हा उपयोगी पडतो.