प्रोबेशनची देखरेख यंत्राकडे दिली तर

1990च्या दशकात न्यूयॉर्क शहराच्या प्रोबेशन कचेऱ्यांत एटीएमसारखी दिसणारी यंत्रं बसवली गेली. प्रोबेशनवर असलेला माणूस यंत्रासमोर उभा राहून ठरलेल्या जागी तळहात ठेवायचा. यंत्र पंजाचा आणि बोटांचा आकार मोजून माणूस तोच आहे याची खात्री करायचं. मग पडद्यावर प्रश्न यायचे. पत्ता बदलला का? काम तेच आहे का? मध्यंतरी पुन्हा अटक झाली का? उत्तरं दिली की छापील पावती हातात पडायची आणि माणूस मोकळा. अधिकाऱ्याची गाठ पडायलाच हवी असं नव्हतं.

ऐकताना हे खटकतं. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर राहू देणं म्हणजे प्रोबेशन. ती देखरेखच यंत्रावर सोपवली तर उरलं काय? तरीही 2007 साली या पद्धतीचा अभ्यास झाला, तेव्हा कमी धोक्याच्या, म्हणजे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता कमी असलेल्या लोकांमध्ये पुन्हा अटक होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. यंत्रांचा मूळ हेतू वेळ वाचवणं हा होता. तो वेळ जास्त धोक्याच्या लोकांसाठी वापरायचा होता.

वेळेची चणचण हे या खात्याचं जुनं दुखणं. अमेरिकेत सुमारे 30 लाख लोक प्रोबेशनवर आहेत, आणि एका अधिकाऱ्याकडे शंभर-दीडशे माणसं असणं तिथे नवलाचं नाही. त्यात नोंदी ठेवणं, दंडाची वसुली बघणं, कोर्टाला अहवाल देणं आलंच. समोर बसलेल्या माणसाशी बोलायला मग मोजकी मिनिटं उरतात, आणि त्यातलीही बरीचशी फॉर्म भरण्यात जातात. हा फॉर्म भरण्याचा भाग यंत्राला उत्तम जमतो. पण कमी धोक्याच्या लोकांवरची देखरेख खरंच कमी करता येते का?

फिलाडेल्फियात संशोधकांनी याची नीट चाचणी घेतली. 2007 साली कमी धोक्याचे ठरलेले 1,559 लोक निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटले. एका गटावर नेहमीसारखी देखरेख. दुसऱ्या गटासाठी एकेका अधिकाऱ्याकडे तब्बल चारशेच्या आसपास माणसं. प्रत्यक्ष भेट सहा महिन्यांतून एकदा आणि अधूनमधून फोन. वर्षभरानंतर नव्या गुन्ह्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच निघालं. देखरेख इतकी पातळ करूनही बिघडलं काहीच नाही.

पण धोका कमी कोणाचा, हे ठरवायचं कसं? पुढे त्या शहराने या छाननीसाठी ‘रँडम फॉरेस्ट’ ही संगणकीय पद्धत वापरात आणली. जुन्या हजारो प्रकरणांवर शेकडो ‘निर्णयवृक्ष’ तयार केले जातात. प्रत्येक वृक्षाला माहितीचा वेगळा, यदृच्छेने निवडलेला तुकडा मिळतो. वय किती, पहिला गुन्हा कितव्या वर्षी, आधीचे खटले किती, अशा प्रश्नांच्या फांद्यांवरून उतरत तो आपलं मत देतो. शेवटी सगळ्यांची मतं मोजायची, बहुमत तो निकाल.

यातला कळीचा निर्णय मात्र यंत्र घेतच नाही. धोकादायक माणूस निरुपद्रवी ठरवला गेला तर किती वाईट, आणि निरुपद्रवी माणूस धोकादायक ठरला तर किती वाईट, हे माणसांनी आधीच आकड्यात सांगावं लागतं. पहिली चूक जितकी महाग धरावी तितके जास्त निरुपद्रवी लोक जाळ्यात सापडणार. माझ्या मते अशा प्रणालीबद्दल पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. ‘अचूकता किती टक्के’ हा त्याच्या बराच नंतरचा. शिवाय जुन्या नोंदींत अटकांची नोंद असते, गुन्ह्यांची नव्हे. ज्या वस्तीत पोलिसांची गस्त जास्त, तिथल्या माणसाच्या नावावर अटका जास्त. अमेरिकेतल्या ‘कॉम्पस’ या धोकामापन सॉफ्टवेअरवर 2016 साली हाच वाद पेटला. पुढे गुन्हा न केलेल्यांपैकी चुकून ‘जास्त धोका’चा शिक्का बसण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळलं. 2018 साली दोन संशोधकांनी दाखवलं, की फक्त वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या एवढ्या दोन गोष्टींवरूनही कॉम्पसइतकाच अचूक अंदाज बांधता येतो.

यंत्राने जास्त लक्ष ठेवायचं, ही दुसरी वाट. आणि विक्रेत्यांची आवडती. पायात पट्टा, पट्ट्यात जीपीएस, ठरलेल्या हद्दीबाहेर पाऊल पडलं की अधिकाऱ्याच्या संगणकावर इशारा. पण उंच इमारतींमध्ये उपग्रहाचा संकेत भिंतींवर आपटून येतो आणि घरात झोपलेला माणूस नकाशावर रस्त्यापलीकडे दिसतो. पट्टा चार्ज करायचा राहिला, इशारा. तळघरात गेला, इशारा. अशा शंभरात खरा कुठला, हे शोधायला पुन्हा माणूसच बसवावा लागतो.

यातला खोलवरचा त्रास 1993 सालीच आकड्यांत दिसला होता. रँड या संशोधन संस्थेने अमेरिकेतल्या 14 ठिकाणच्या कडक देखरेखीचं मूल्यमापन केलं. नवे गुन्हे घटले नाहीत. वाढले ते ‘तांत्रिक भंग’: भेट चुकवणं, वेळेत घरी न पोचणं, न सांगता घर बदलणं. हे गुन्हे नव्हेत, पण त्यांच्यापायी तुरुंगात रवानगी होऊ शकते. बारीक बघितलं की जास्त सापडतं, एवढाच त्याचा अर्थ. डिजिटल पट्टा तर चोवीस तास बघतो.

भेट चुकण्यामागे दर वेळी पळून जायचा बेत असतोच असं नाही. पुष्कळदा माणूस तारीख विसरलेला असतो. न्यूयॉर्क शहरात किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. समन्सचा फॉर्म सुटसुटीत केल्यावर गैरहजेरी 13 टक्क्यांनी घटली. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवल्यावर 21 टक्क्यांनी. हे प्रोबेशन नव्हे, कोर्टातली हजेरी आहे. पण विसरणारा माणूस दोन्हीकडे तोच. या सगळ्या तंत्रज्ञानात मला सर्वांत पटलेली गोष्ट ही, आणि सर्वांत स्वस्तही बहुधा हीच असेल.

राहिला वाचलेला वेळ. तो जास्त धोक्याच्या लोकांच्या वाट्याला नुसत्या जास्त भेटी म्हणून दिला, तर? फिलाडेल्फियात तेही करून पाहिलं. गुन्हे कमी झाले नाहीत. फरार होणारे आणि तुरुंगात जाणारे वाढले.

कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात संशोधकांनी अधिकाऱ्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. ज्या भेटींत अटींच्या तपासणीवर फार वेळ गेला, त्या लोकांत पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्यानंतर कॅनडातल्याच दुसऱ्या तीन प्रांतांतल्या काही अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण दिलं: अटींची उजळणी आटोपशीर ठेवा, आणि ज्या विचारांमुळे माणूस गुन्ह्याकडे वळतो त्यांवर त्याच्याशी बोला. दोन वर्षांत या अधिकाऱ्यांच्या लोकांपैकी सुमारे 25 टक्क्यांना पुन्हा शिक्षा झाली, नेहमीच्या अधिकाऱ्यांच्या लोकांपैकी सुमारे 40 टक्क्यांना. नमुना लहान होता. पण पत्ता, नोकरी आणि दंडाचे हप्ते यांची विचारपूस यंत्राने आधीच उरकलेली असेल, तर असं बोलायला निदान वेळ तरी मिळतो.