गावाने ठरवलेला उमेदवार: पॅनल, सर्वसहमती आणि 'बिनविरोध'

ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की विदर्भातल्या पुष्कळ गावांत फॉर्म भरण्याच्या आधी एक बैठक होते. कधी मारोतीच्या पारावर, कधी शाळेच्या व्हरांड्यात, कधी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आटोपल्यावर त्याच सतरंजीवर. बोलावणारी मंडळी साधी असतात: तंटामुक्ती समितीचा जुना अध्यक्ष, निवृत्त गुरुजी, बचत गटाची सचिव, शिकून गावातच राहिलेली चार पोरं. कोणत्या वार्डात कोणाला उभं करायचं, ते इथे ठरतं. कायद्यात या मंडळींना नाव नाही. पत्रकावर छापायचं म्हणून 'ग्रामविकास पॅनल' किंवा तसंच काहीतरी घेतात आणि निकाल लागला की ते नावही विरून जातं.

ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह चालत नाही. त्यामुळे कागदावर प्रत्येक उमेदवार पक्षविरहितच असतो, आणि म्हणूनच 'पक्षविरहित' या शब्दाला किंमत उरलेली नाही. निकालाच्या संध्याकाळी सगळे पक्ष आपापल्या सरपंचांचा आकडा जाहीर करतात आणि सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. १९७८ साली अशोक मेहता समितीने शिफारस केली होती की पक्षांनी पंचायत राजच्या निवडणुकांत उघडपणे उतरावं, म्हणजे निदान जबाबदार कोण ते कळेल. महाराष्ट्राने ती जिल्हा परिषद आणि पंचायत समितीपुरती पाळली म्हणा, गावात नाही. गावात ओळखण्याची खूण एकच: यादी कुठे पक्की होते? ती मंजुरीसाठी तालुक्याच्या नेत्याकडे जात असेल, तर पॅनलचं नाव काहीही असो, ते पक्षाचं पॅनल. ती गावातच पक्की होत असेल, तर पुढे वाचण्यासारखं काही आहे.

जुना काळ थोडक्यात. वऱ्हाडात पाटील आणि नागपूर भागात मालगुजार, म्हणजे सारा वसूल करणारा जमीनदार, गावचा शब्द यांचाच. मालगुजारी १९५१ मध्ये गेली. त्याआधीच मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४६ चा पंचायत कायदा आणि १९४८ नंतरच्या जनपद सभा, म्हणजे तालुका पातळीवरच्या स्थानिक संस्था, आल्या होत्या, पण पंच कोण व्हावा हे बहुतेक ठिकाणी वाड्यातच ठरे. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९५८ चा ग्रामपंचायत कायदा इथेही लागू झाला. आजही मूळ कायदा तोच, फक्त नावातलं 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आलं. वर्धेजवळ पवनारला विनोबांचा आश्रम होता. तिथून निघालेल्या सर्वोदयी कार्यकर्त्यांनी 'सर्वसहमती' हा शब्द खेड्यापाड्यांत नेला. निवडणुकीने गाव फुटतं, म्हणून गावाने एकमताने पंच निवडावेत, ही कल्पना तिथली. तिचा पुढे कसा वापर झाला ते खाली येईलच.

बैठक घेऊन उमेदवार ठरवणाऱ्या आजच्या गटांचं मूळ मला मात्र त्यापेक्षा १९८९ च्या आसपास जास्त दिसतं. शेतकरी आंदोलनाच्या महिला आघाडीने तेव्हा संपूर्ण बायकांची पॅनल उभी केली. यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा हे त्यातलं एक गाव. कायद्यात तेव्हा बायकांसाठी मोजक्या जागा होत्या. इथे अख्खी ग्रामपंचायत बायकांची झाली. राखीव जागा भरायला कोणीतरी 'शोधून आणणं' वेगळं आणि गावातल्या बायकांनी बसून आपली माणसं काढणं वेगळं, हे तिथे पहिल्यांदा दिसलं. पुढे पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३ वी घटनादुरुस्ती झाली, १९९४ मध्ये राज्य निवडणूक आयोग आला, एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या झाल्या. पण मेटीखेड्याची रीत किती गावांनी उचलली? फार थोड्या. बहुतेक बैठकांत आजही महिला राखीव वार्डाचं नाव निघालं की पहिला प्रश्न 'कोणाची बायको?' हाच असतो. जे गट खरंच काम करतात, ते त्या वार्डाची बैठक बायकांची वेगळी घेतात आणि नाव तिथूनच मागतात.

दरम्यान निवडीचं कामच बदललं. पूर्वी प्रश्न होता चांगला माणूस कोण. आता आधी पाहावं लागतं, फॉर्म टिकणारा माणूस कोण. दोन अपत्यांची अट, जात पडताळणी, ग्रामपंचायतीची थकबाकी, घरी शौचालय आणि त्याचा वापर, सरकारी जागेवरचं अतिक्रमण. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अतिक्रमण कुटुंबातल्या माणसाचं असलं तरी सदस्य अपात्र ठरू शकतो. विदर्भातल्या गावांत गावठाणाबाहेर घरं वाढली ती बहुधा भूमिहीनांची. म्हणजे बैठकीत ज्याचं नाव सगळ्यांना पटलं, तोच या अटीत अडकतो. अशा वेळी गटाकडे तलाठ्याचे आणि ग्रामसेवकाचे कागद वाचू शकणारं एखादं पोरगं असणं, हे दहा पुढाऱ्यांपेक्षा मोलाचं.

मग आला थेट सरपंच. २०१७ पर्यंत सदस्य सरपंच निवडत. गट सात, नऊ किंवा अकरा माणसं निवडून आणे आणि खरी कसोटी त्यानंतर लागे, कारण निवडून आलेल्यांना 'सहलीला' नेण्याचा प्रकार सुरू होई. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून आला, २०२० मध्ये तो निर्णय फिरवला, २०२२ मध्ये पुन्हा थेट. पाच वर्षांत तीन वेळा नियम बदलल्यावर कोणती रीत रुजणार? थेट निवडीत सगळ्या गावाला एका चेहऱ्यावर यावं लागतं. गटांना ते सदस्यांच्या यादीपेक्षा कितीतरी अवघड गेलं. जानेवारी २०२१ ची निवडणूक तर आणखी वेगळी. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायती होत्या आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मतदानानंतर काढायचं ठरलं. पदासाठीची बोली थांबावी, हा त्यामागचा एक हेतू. सरपंचपद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे माहीत नसताना नावं काढायची होती. माझ्या मते गटांसाठी ती सर्वांत निकोप निवडणूक ठरली, कारण खुर्चीवर डोळा ठेवून वार्ड मागणाऱ्यांना कोणता वार्ड मागावा तेच कळेना.

आता तो शब्द. 'बिनविरोध.'

कायद्याच्या दृष्टीने ही निव्वळ मोजणी आहे. माघारीची वेळ संपली, उरलेले वैध अर्ज जागांइतकेच असले, की निवडणूक निर्णय अधिकारी त्यांना निवडून आलेले घोषित करतो. मतदान होत नाही. मतदान नाही म्हणजे 'नोटा'ही नाही. लोकांच्या तोंडी मात्र बिनविरोध म्हणजे एकी, समजूतदारपणा, खर्चाची बचत. वर्तमानपत्रातही 'आदर्श गाव'च्या थाटात बातमी येते. आणि विनोबांच्या सर्वसहमतीची पुण्याई या शब्दाला आपोआप मिळते.

बिनविरोधच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. पाचशे मतदारांच्या गावात निवडणुकीचा राग पाच वर्षं पुरतो. सख्खे भाऊ एकमेकांच्या मयतीला जात नाहीत. धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं भांडण आणि वार्डाचं भांडण एकत्र झालं तर पोलीस ठाण्यापर्यंत जातं. 'गावचाच माणूस हाय, मंग लढाई कायले पायजे?' असं म्हणणारी म्हातारी कोणाचा कट करत नसते; तिने ते भोगलेलं असतं.

पण माघार कोण घेतो ते पाहा. शेवटच्या दिवशी तहसील कार्यालयाच्या आवारात ज्याला बाजूला घेऊन समजावलं जातं, तो बहुधा पाच एकरवाला नसतो. तो मजुरीला जाणारा असतो, दोन-तीन गावांच्या गटग्रामपंचायतीतल्या लहान गावचा किंवा पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा असतो, सर्वसाधारण जागेवर फॉर्म भरणारी बाई असते. 'गावासाठी' हा शब्द त्यांनाच ऐकवला जातो. २०२१ च्या निवडणुकीआधी अनेक आमदारांनी बिनविरोध गावांना विकासनिधीची आश्वासनं दिली, म्हणजे माघार न घेणारा माणूस गावाच्या रस्त्याआड येणारा ठरला. त्याच वेळी नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याच्या तक्रारींवरून आयोगाने तिथली निवडणूकच रद्द केली. आपल्याकडे लिलाव शब्द कोणी उच्चारत नाही. मंदिराच्या सभामंडपाची देणगी म्हणतात.

सर्वसहमती म्हणजे काय ते पाहायचं तर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे पाहावं लागतं. तिथे अभ्यासगट आधी विषय समजून घेतो, मग ग्रामसभा बसते, आणि एक जण जरी 'नाही' म्हणाला तरी निर्णय थांबतो. पुन्हा बसतात. म्हणजे विरोध करणाऱ्यासाठी गाव थांबतं. बिनविरोधमध्ये विरोध करणाऱ्यालाच थांबवतात. एकाच कुळातले वाटणारे हे दोन शब्द एकमेकांच्या उलट आहेत. निवड करणाऱ्या गटांनी ही गल्लत सोडली पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. गटाने नाव पुढे करावं, का ते सगळ्यांसमोर सांगावं, आणि पेटी भरू द्यावी. गटाने चुकीचा माणूस काढला असेल, तर ते सांगायला गावाकडे दुसरी जागा नाही.

मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, पुढे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम २०१४ मध्ये आले, आणि त्या भागात ग्रामसभेच्या हाती बांबू-तेंदूचा पैसा आणि हिशेब आला. हिशेब ठेवणारी माणसं तयार झाली, तेव्हा उमेदवार शोधावा लागला नाही. तो ग्रामसभेच्या वहीत दिसत होता. २०१७ च्या निवडणुकीत गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठीसुद्धा आपली माणसं उभी केली, पक्षांच्या समोर. काही निवडून आली. विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत गावाचे गट ग्रामपंचायतीच्या वर फारसे गेलेले नाहीत. एक कारण अगदी साधं आहे: जिल्हा परिषदेला पक्षाला एकच चिन्ह मिळतं, गावाच्या माणसाला अपक्षाचं, तेही सर्कलसर्कलला वेगळं. ग्रामपंचायतीतही पॅनलचं तेच होतं. एका वार्डात तीन जागा, तिघांची चिन्हं तीन, आणि प्रचाराचे शेवटचे दिवस कोणत्या जागेला छत्री आणि कोणत्या जागेला कपबशी, हे म्हाताऱ्या माणसांना घरोघरी जाऊन सांगण्यात जातात.