हातचा डोक्यात नको, कागदावर

झरी-जामणी तालुक्यातल्या आमच्या दोनशिक्षकी शाळेत तिसरीला हातच्याची बेरीज शिकवत होतो. 47 अधिक 38. सात न् आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. 'पोषण आहाराची माहिती 12 वाजेपर्यंत, अतितातडीचे.' नुसतं वाचलं, फोन परत खिशात टाकला आणि फळ्यावर उत्तर लिहिलं, 75. मागून एक पोरगी म्हणाली, "सर, हातचा राहिला जी."

तिचं बरोबर होतं. हातातलं काम संपेपर्यंत गोष्टी धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यरत स्मृती म्हणतात. ती फार छोटी असते. 1956 साली जॉर्ज मिलर यांनी तिची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. 2001 मध्ये नेल्सन कोवन यांनी ती चारच्या आसपास आणली. बेरीज, हातचा, शेजारी पाटी गिरवणारी पहिलीची पोरं एवढ्यातच ती भरते. पोषण आहाराचा आकडा आला की काहीतरी सांडणारच.

पण संदेश तर मी दोन सेकंदांत वाचला होता! खरी मेख तिथेच आहे. सोफी लरॉय यांनी 2009 मध्ये दाखवलं की एक काम सोडून दुसऱ्याला लागलो, तरी लक्षाचा काही भाग मागच्या कामात अडकून राहतो, आणि ते काम अपुरं असेल तर जास्तच. वाचलेला पण न भरलेला तक्ता म्हणजे अपुरं काम. असे दिवसाला दहा आले, तर मन वर्गात पूर्ण येतच नाही. म्हणून मला माहितीच्या ढिगापेक्षा हे अधांतरी लटकणं जास्त घातक वाटतं.

2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बॉमायस्टर यांना प्रयोगांत आढळलं की अर्धवट राहिलेल्या कामाचे विचार वाचताना आडवे येतात. मात्र ते काम कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं की, काम झालेलं नसलं तरी, मन ते सोडून देतं.

फळ्यावरच्या त्या चुकीपासून टेबलावर एक वही असते. काय मागितलंय, माहिती कुठे आहे, कधी भरायची, असे तीन रकाने. 'यू-डायसवर नाव दुरुस्ती, दाखल-खारीज रजिस्टर, शनिवारी शाळा सुटल्यावर.' (यू-डायस म्हणजे शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद.) पहिल्या पानावर शाळेचा 11 अंकी यू-डायस क्रमांक आणि मुलं-मुलींची इयत्तावार पटसंख्या, कारण तीच माहिती पुन्हा पुन्हा मागितली जाते. ती एकदाच मागायची सवय मागणाऱ्यांनीही लावून घ्यायला हवी. सगळा भार शिक्षकाच्या शिस्तीवर टाकणं मला पटत नाही.

फोन तीनदाच बघतो: परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर. कॅनडात 2015 मध्ये झालेल्या एका अभ्यासात आठवडाभर ईमेल दिवसातून तीनदाच पाहणाऱ्यांचा ताण कमी झाला होता. आमच्याकडे रेंज पाण्याच्या टाकीपाशीच नीट मिळते, त्यामुळे सगळं एकदम पाठवलं की खेपाही वाचतात. खरंच तातडीचं असेल तर फोन करा, असं आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना सांगून ठेवलंय.

मार्चअखेरीस मात्र हे सगळं कोलमडतं. त्या दिवसांत मी आणि सहकारी मॅडम पाळी लावतो. एक दिवस संदेश त्या बघतात, माझा फोन कपाटात; दुसऱ्या दिवशी उलट.