फिटचे औषध, पाळी आणि मूल : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अपस्माराला आपल्याकडे कोणी फिट म्हणते, कोणी मिरगी, कोणी आकडी. त्याच्या गोळ्या दरमहा आमच्या औषध दुकानातून नेणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे पत्रक लिहिले आहे. फिटचे डॉक्टर एक, पाळीच्या तक्रारींचे डॉक्टर दुसरे आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आशाताईंकडून, अशी विभागणी बहुतेक घरांत असते, आणि एकीकडच्या औषधाची गोष्ट दुसरीकडे सांगितली जात नाही. लग्न जुळायचे असेल तर मुलीच्या गोळ्या मुद्दाम परतालुक्यातून आणल्या जातात, हेही आम्ही पाहतो. त्यामागची भीती आम्हाला समजते. परंतु अपस्मार, त्याची औषधे आणि शरीरातील संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, यांचा संबंध इतका जवळचा आहे की एक गोष्ट दडवून दुसरीवर नीट इलाज होऊ शकत नाही.

फिट आणि पाळी

पाळीचे चक्र गर्भाशयात दिसत असले तरी त्याची सूत्रे मेंदूत असतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक लयीत पिट्युटरी ग्रंथीला इशारे देतो आणि त्या इशाऱ्यांवर बीजकोश काम करतात. फिटचा उगम मेंदूच्या बाजूच्या, कानशिलामागच्या भागात असेल तर त्या भागाचे हायपोथॅलॅमसशी थेट जोडलेले धागे असल्यामुळे ही लय बिघडू शकते. अपस्मार असलेल्या स्त्रियांमध्ये पाळी लांबणे, चुकणे किंवा बीज न सुटणे या तक्रारी इतरांपेक्षा अधिक आढळतात, त्यामागे औषधांइतकाच हा आजारही कारण असतो. मोठी फिट येऊन गेल्यानंतर प्रोलॅक्टिन हे संप्रेरक काही काळ वाढते, तेही याच जोडणीमुळे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक मेंदूच्या पेशींना चेतवते, तर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकापासून शरीरात तयार होणारा एक पदार्थ त्यांना शांत ठेवतो. पाळी येण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन एकदम उतरते, आणि म्हणून अपस्मार असलेल्या साधारण तीनपैकी एका स्त्रीला पाळीच्या आगेमागे किंवा चक्राच्या मध्यावर फिट जास्त येतात. घरात मात्र त्याला अमावस्या, बाहेरची बाधा किंवा उपवासाचे निमित्त लावले जाते. यावर सर्वांत उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. पाळी सुरू झाली त्या तारखेवर एक खूण आणि फिट आली त्या तारखेवर दुसरी खूण करून असे तीन महिने भरले की ते कागद डॉक्टरांना दाखवावेत. खुणा सारख्या शेजारी-शेजारी पडत असतील तर केवळ त्या दिवसांपुरती एखादी जादा गोळी डॉक्टर देऊ शकतात. ती मनाने सुरू करू नये.

गोळी गोळीला मारते तेव्हा

फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त आणि उपयोगी औषधे आहेत. गार्डिनल, एप्टॉइन, टेग्रिटाल या नावांनी ती आपल्या परिचयाची आहेत. ती यकृतातील विकरांना, म्हणजे औषधे मोडणाऱ्या एन्झाइमना, इतकी कामाला लावतात की पाळणा लांबवण्याच्या गोळीतील संप्रेरके शरीरातून लवकर निघून जातात. ऑक्सकार्बाझेपिन आणि मोठ्या मात्रेतील टोपिरामेट यांचाही असाच परिणाम होतो. गोळी न चुकता घेऊनही दिवस राहतात, आणि दोष त्या बाईच्या विसरभोळेपणाला दिला जातो. फिटचे हे औषध बंद केल्यानंतरही हा परिणाम सुमारे चार आठवडे टिकतो. चूक झाल्यावर घेतली जाणारी ७२ तासांची गोळीसुद्धा या औषधांपुढे कमी पडते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणे सर्वांत खात्रीचे ठरते. तांबीत संप्रेरक नसल्याने फिटच्या कोणत्याही औषधाचा तिच्यावर परिणाम होत नाही. तीन महिन्यांनी घ्यावयाच्या अंतरा इंजेक्शनचा गर्भनिरोधक गुणही या औषधांमुळे कमी होत नाही, मात्र हाडांवर होणाऱ्या परिणामाबद्दल आधी डॉक्टरांशी बोलावे.

श्रावणात कानबाईच्या रोटांच्या आधी पाळी पुढे ढकलण्याची गोळी मागायला अनेक ताई-माई आमच्याकडे येतात. त्या गोळीतील नॉरएथिस्टेरॉन हेही संप्रेरकच असल्यामुळे वरील औषधे चालू असतील तर तिचा भरवसा राहत नाही. दुकानात आम्ही ‘दुसरे काही औषध चालू आहे का’ असे विचारतो ते यासाठी. गर्दीत सांगणे अवघड वाटत असेल तर जुनी पट्टी नुसती दाखवली तरी पुरते.

लॅमोट्रिजिन या फिटच्या औषधाची गोष्ट उलटी आहे. येथे पाळणा लांबवण्याच्या गोळीतील इस्ट्रोजेनच फिटच्या औषधाचे रक्तातील प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणते. माला-एनच्या पाकिटातील संप्रेरकाच्या २१ गोळ्या चालू असताना फिट वाढणे आणि लोहाच्या ७ गोळ्यांच्या आठवड्यात चक्कर येणे किंवा एकाचे दोन दिसणे, असा अनुभव येऊ शकतो. असे होत असेल तर दोन्ही गोळ्या एकत्र घेऊन डॉक्टरांकडे जावे.

व्हॅल्प्रोएटबद्दल सविस्तर

सोडियम व्हॅल्प्रोएट हे काही प्रकारच्या फिटवर अतिशय प्रभावी औषध आहे आणि कित्येकांचे आयुष्य त्याने सावरले आहे, हे आधी स्पष्ट सांगतो. परंतु वयात येणाऱ्या मुलीला ते दीर्घकाळ दिले असता वजन वाढणे, हनुवटीवर केस येणे, मुरुमे, पाळी दोन-दोन महिने न येणे, म्हणजेच पीसीओएस या बीजकोशांच्या संप्रेरक-बिघाडाची लक्षणे, अधिक दिसतात. गरोदरपणातील धोका त्याहून गंभीर आहे. एरवी शंभर बाळांपैकी दोन-तीन बाळांत जन्मतः मोठे व्यंग आढळते. आई व्हॅल्प्रोएट घेत असेल तर हे प्रमाण शंभरात सुमारे दहा होते, आणि मात्रा जितकी जास्त तितका धोका जास्त. शिवाय अशा शंभरपैकी तीस ते चाळीस मुलांत बोलणे, शिकणे, वागणे यांच्या वाढीत अडचणी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मूल होऊ शकणाऱ्या मुली व स्त्रिया यांना हे औषध देऊ नये असा सल्ला दिला आहे.

बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू यांची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचे नीट लक्षात येण्याच्या सुमारास ही घडामोड होऊन गेलेली असते. म्हणून औषध बदलायचे तर ते दिवस राहण्यापूर्वी, शक्य तर लग्नाच्या बोलणीच्या काळातच, मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली बदलावे लागते. लॅमोट्रिजिन व लेव्हेटिरासिटाम यांच्यात व्यंगाचे प्रमाण एरवीच्या जवळपास राहते. फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही मूल हवे असे ठरते तेव्हापासूनच सुरू करायची असते. मात्रा डॉक्टर ठरवतील.

दिवस राहिले असता

येथे आम्ही आग्रहाने सांगतो : दिवस राहिल्याचे कळताच फिटची गोळी, मग ती व्हॅल्प्रोएट का असेना, घरच्या घरी बंद करू नये. अचानक बंद केल्यास एकापाठोपाठ एक फिट येऊन आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे. व्यंग पाहण्याची सोनोग्राफी साधारण १८ ते २० आठवड्यांदरम्यान होते, ती चुकवू नये. सुरुवातीच्या उलट्यांत गोळी पडून गेली तर काय करायचे, हेही आधीच विचारून ठेवावे. लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण गरोदरपणात बरेच उतरते, त्यामुळे मात्रा वाढवावी लागते आणि बाळंतपणानंतर ती लगेच टप्प्याटप्प्याने कमी करावी लागते. वाढवलेली चिठ्ठी घेऊन तीच मात्रा महिनोन्‌महिने नेली जाऊ नये यावर आमचेही लक्ष असते.

अपस्मार असलेल्या बहुतेक मातांची बाळे निरोगी जन्मतात. केरळमध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेत १९९८ पासून अशा गर्भवतींची नोंदवही ठेवली जाते, तेथील अनुभवही हेच सांगतो. बाळंतपण मात्र घरी न करता रुग्णालयातच करावे. अंगावर पाजणे बहुतेक औषधांवर चालते. फेनोबार्बिटोन चालू असताना बाळ फारच झोपाळू वाटले, ओढून पीत नसेल, तर दाखवून घ्यावे. रात्रीचे जागरण हे फिट येण्याचे मोठे कारण आहे, म्हणून बाळंतिणीची निदान सलग चार-पाच तासांची झोप घरातल्यांनी सांभाळावी. तिने बाळाला पलंगावर बसून न पाजता जमिनीवर गादी टाकून, भिंतीला टेकून पाजावे आणि एकटीने आंघोळ घालू नये.

पुरुषांसाठी

फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांसारख्या औषधांमुळे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन रक्तात वाढते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी पडते. त्यातून इच्छा मंदावणे, ताठरता कमी होणे असे त्रास होऊ शकतात. व्हॅल्प्रोएटमुळे काहींच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. मूल होत नाही म्हणून वर्षानुवर्षे फक्त सुनेच्याच तपासण्या होत राहतात, तेव्हा ही बाजू कृपया लक्षात घ्यावी. जुन्या औषधांनी ड जीवनसत्त्व कमी होऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका स्त्री-पुरुष दोघांनाही असतो.

आमच्या दुकानात

लपवण्यामागे लग्न मोडण्याची भीती असते, म्हणून एक कायदेशीर गोष्ट नोंदवतो : हिंदू विवाह कायद्यात पूर्वी अपस्मार हा विवाहास अडथळा मानला होता, ती तरतूद १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली आहे. मुलगी आखाजीला माहेरी येताना किंवा गडावर पायी जाताना गोळ्या घरीच राहतात आणि चार दिवसांनी फिट येते, हे दरवर्षी घडते. निघण्यापूर्वी सांगितल्यास चिठ्ठीप्रमाणे तेवढ्या दिवसांच्या गोळ्या आम्ही वेगळ्या बांधून देऊ. फिटच्या गोळीची कंपनी आम्ही ग्राहकाला न सांगता बदलत नाही. फिटची आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची, अशा दोन्ही चिठ्ठ्या एकत्र आणल्यास औषधे एकमेकांना बाधतात का ते आम्ही पाहू, आणि शंका आली तर तसे कागदावर लिहून तुमच्या डॉक्टरांकडे पाठवू. त्यासाठी दुपारी दोन ते चार ही वेळ बरी, कारण तेव्हा दुकानात गर्दी नसते.